डिबगरने स्क्रिप्टच्या हातात दिलेली व्हॅल्यू कधीपर्यंत खरी असते?

आमच्या इनहाऊस डिबगरचा (चालू प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) स्क्रिप्टिंग इंटरफेस, म्हणजे छोट्या स्क्रिप्ट लिहून डिबगर चालवायची सोय, लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा टीममध्ये सगळी चर्चा एकाच गोष्टीवर चालायची, भाषा कुठली घ्यायची. पायथन घ्या, लुआ घ्या, नाहीतर स्वतःचीच छोटी भाषा काढा. तीन-चार मीटिंग त्यातच गेल्या. आता इतक्या वर्षांनी वाटतं की तो त्यातल्या त्यात सोपा प्रश्न होता. मला खरं छळलं ते दुसऱ्याच प्रश्नाने, की स्क्रिप्टच्या हातात मी एखादी व्हॅल्यू किंवा फ्रेम (फंक्शनच्या एका चालू कॉलची नोंद) दिली तर ती कधीपर्यंत खरी मानायची, आणि ती शिळी झाली हे स्क्रिप्टला कळणार कसं.

साध्या लायब्ररीत हा त्रास नसतो, तिथे ऑब्जेक्ट तुमचाच असतो, तुम्ही बनवला, तुम्ही बदलला, कुणी मधे येत नाही. डिबगरमध्ये समोर दुसरीच एक प्रोसेस असते (जीडीबी या जीएनयूच्या डिबगरच्या भाषेत इन्फिरिअर), ती आपण घटकाभर थांबवून ठेवलेली असते आणि तिच्या पोटात डोकावत असतो. कंटिन्यू, म्हणजे पुढे चालू हो, म्हटलं की सगळं हललं. स्टॅक (चालू फंक्शन कॉलची चळत) वेगळा, रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) वेगळे, हीपवर (प्रोग्रामला मागेल तशी मिळणारी मेमरी) जिथे काल एक नोड होता तिथे आज भलतंच काहीतरी. आणि स्क्रिप्टमधला व्हेरिएबल मात्र आपला तसाच बसलाय, त्याला या कशाचाच पत्ता नाही.

भाषेबद्दल पटकन सांगून टाकतो म्हणजे पुढे जाता येईल. जीडीबीला आधीपासून स्वतःची कमांडची भाषा होती, डिफाइन, इफ, व्हाइल वगैरे असलेली, आणि छोट्या कामाला ती आजही पुरते, पण त्यात धड डेटा स्ट्रक्चर नाहीत त्यामुळे जरा मोठं काही लिहायला गेलं की दम लागतो. २००९ साली ७.० व्हर्जनमध्ये पायथन आली, २०१४ च्या ७.८ मध्ये गाइल (स्कीम भाषेचा एक प्रकार) हीसुद्धा आली. एलएलडीबी या एलएलव्हीएमच्या डिबगरने आपलं सी++ एपीआय स्विग (दोन भाषा जोडणारं साधन) वापरून पायथनला जोडलं आणि नंतर लुआची सोय केली, विंडोजच्या विनडिबगमध्ये जावास्क्रिप्ट आहे, गो भाषेच्या डेल्व्हमध्ये स्टारलार्क. सगळ्यांचं चालतंय. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, भाषा निवडली की तिचं आयुष्यही आपल्या गळ्यात पडतं. पायथन २ सोबत बिल्ड होणारं शेवटचं जीडीबी म्हणजे २०२२ चं १२ व्हर्जन, त्यामुळे लोकांच्या होम फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या स्क्रिप्टांना हात लावावाच लागला. हे सगळं खरं, पण भाषा बदलली म्हणून मी पुढे सांगतोय त्यातला एकही प्रश्न सुटत नाही.

आमचं पहिलं व्हर्जन असं होतं की स्क्रिप्टने कमांड द्यायची आणि आउटपुट टेक्स्ट म्हणून परत घ्यायचं, बास. जीडीबीतही हे करता येतं, एक्झिक्यूटला सांगायचं की आउटपुट स्क्रीनवर नको, स्ट्रिंग करून दे. लिहायला दोन दिवस लागले आणि सगळे खूश, कारण जे कमांडने होतं ते सगळं स्क्रिप्टने व्हायला लागलं. मग लोकांनी त्या टेक्स्टवर रेग्युलर एक्सप्रेशन लावायला सुरुवात केली. थ्रेडच्या यादीतला तिसरा कॉलम घे, त्यातून पत्ता काढ, असं. काही महिन्यांनी एका टीमने आपल्या थ्रेडच्या नावात स्पेस टाकली आणि एका स्क्रिप्टने तिसरा कॉलम म्हणून भलताच आकडा उचलला, तो आकडा पत्त्यासारखाच दिसत होता, त्या पत्त्यावर मेमरीही होती, त्यामुळे एररही आली नाही. स्क्रिप्टने व्यवस्थित, नीट फॉरमॅट करून, चुकीचं उत्तर दिलं.

तिथून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. बाकी कुठल्या प्रोग्रामने चुकीचं उत्तर दिलं तर माणूस डिबगर उघडतो. डिबगरनेच चुकीचं सांगितलं तर तो काय उघडणार? तो आपल्याच कोडवर शंका घेत बसतो आणि जो भाग बरोबर आहे तो बदलायला लागतो. म्हणून स्क्रिप्ट मोडून पडली तर पडू दे, मोठ्याने ओरडू दे, पण गुपचूप चुकीचं सांगायला नको. पुढचे सगळे निर्णय मी याच कसोटीवर घेतले, आणि जिथे घेतले नाहीत तिथे मार खाल्ला.

दुसऱ्या व्हर्जनमध्ये टेक्स्ट काढून टाकलं आणि खरे ऑब्जेक्ट दिले. व्हॅल्यू, टाइप, फ्रेम, सिम्बॉल (फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाची नोंद), थ्रेड, ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण). व्हॅल्यूचा फील्ड काढायचा तर नाव द्यायचं, पॉइंटर असेल तर डीरेफरन्स करायचा (म्हणजे त्या पत्त्यावरची व्हॅल्यू घ्यायची), बेरीज-वजाबाकी त्या त्या टाइपच्या नियमाने होणार. जीडीबीची व्हॅल्यू अशीच वागते आणि ते डिझाइन मला मनापासून आवडतं, स्क्रिप्ट वाचताना सी वाचल्यासारखी वाटते.

आता व्हॅल्यू म्हटली की ती मेमरीतून कधी वाचायची हा प्रश्न आलाच. ज्या हार्डवेअरवर प्रोग्राम चालायचा ते आमचे बरेच बोर्ड सीरियल लाइनवर असायचे, ११५२०० बॉड. म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा हजार बाइट. समजा ४ एमबीचा एक अ‍ॅरे आहे आणि स्क्रिप्टला त्यातला फक्त तिसरा एलिमेंट हवाय. अ‍ॅरेला हात लावल्या लावल्या सगळा वाचायचं ठरवलं तर सहा मिनिटं नुसतं बघत बसा, चार बाइटसाठी. म्हणून व्हॅल्यू लेझी ठेवावी लागते, म्हणजे तिच्याकडे फक्त पत्ता आणि टाइप असतो, आणि कुणी खरोखर आकडा मागेल तेव्हाच ती मेमरी वाचते. जीडीबीतही असंच आहे, तिथे व्हॅल्यू लेझी आहे का ते विचारता येतं आणि आत्ताच वाचून घे असंही सांगता येतं. मीही तसंच केलं, आणि वेग इतका सुधारला की त्याच्या पोटात काय दडलंय याचा विचारच केला नाही.

झालं असं. टीममधल्या एकाने क्यू तपासायची स्क्रिप्ट लिहिली. ब्रेकपॉइंटवर थांब, क्यूचं हेड (पहिला घटक) एका व्हेरिएबलमध्ये ठेव, कंटिन्यू कर, पुढच्या ब्रेकपॉइंटवर पुन्हा हेड घे आणि दोन्ही ताडून बघ, वेगळे असतील तर छाप. स्क्रिप्टने काहीच छापलं नाही. त्याचा अर्थ त्याने सरळ लावला की क्यू हलतच नाहीये, इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरने हाक मारली की चालणारा कोड) चालत नसणार. दोन दिवस तो आणि आणखी एक जण इंटरप्टच्या मागे लागले. क्यू मस्त चालू होती. गडबड अशी होती की पहिलं हेड लेझी होतं, ते थांबलेलं असताना कुणी वाचलंच नव्हतं, ते वाचलं गेलं थेट तुलनेच्या ओळीवर, म्हणजे कंटिन्यू होऊन पुन्हा थांबल्यानंतर. दोन्ही व्हेरिएबल त्याच पत्त्यावरून त्याच क्षणी वाचले गेले, मग ते सारखेच निघणार. आणखी वाईट म्हणजे त्याने तपासायला मधे एक प्रिंटची ओळ टाकली की स्क्रिप्ट बरोबर चालायची, कारण प्रिंट केल्यामुळे व्हॅल्यू वेळेवर वाचली जायची. ओळ काढली की पुन्हा चूक.

ती चूक त्याच्या स्क्रिप्टची नव्हती. त्याने लिहिलं होतं ते कुणीही तसंच लिहिलं असतं. चूक माझ्या इंटरफेसची होती, कारण माझी व्हॅल्यू दोन वेगवेगळ्या गोष्टी असल्याचं सोंग करत होती, वाचून झालेली प्रत आणि अजून न वाचलेला पत्ता, आणि बाहेरून दोन्ही डिट्टो सारख्या दिसत होत्या.

आता आमच्याकडे नियम असा आहे. प्रत्येक वेळी प्रोसेस थांबली की डिबगर एक नंबर वाढवतो, त्याला आम्ही थांबा क्रमांक म्हणतो. न वाचलेल्या व्हॅल्यूवर ती बनली तेव्हाचा थांबा क्रमांक चिकटवलेला असतो. कंटिन्यू झालं आणि मग कुणी तिला आकडा मागितला तर ती वाचत नाही, एक्सेप्शन टाकते, आणि मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही व्हॅल्यू थांबा ४१ ची आहे, तेव्हा वाचली गेली नव्हती, आता थांबा ४२ चालू आहे. ज्याला जुनी प्रत हवी त्याने थांबलेलं असतानाच स्नॅपशॉट मागून घ्यायचा, ज्याला नेहमी ताजा आकडा हवा त्याने व्हॅल्यू न ठेवता एक्सप्रेशन ठेवायचं आणि प्रत्येक वेळी नव्याने इव्हॅल्युएट करायचं. वाचून झालेल्या व्हॅल्यूला काही होत नाही, ती प्रत आहे, ती कायमची तुमची. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली की पूर्वी चालणाऱ्या स्क्रिप्टा आता एरर देतात. एकेक उघडून बघितल्या तर त्यातल्या बऱ्याच पूर्वीही चुकतच होत्या, फक्त बोलत नव्हत्या.

फ्रेमची गोष्ट याहून बारीक आहे. जीडीबीत पायथनच्या हातात दिलेली फ्रेम म्हणजे आतला पॉइंटर नसतो, तिची ओळख ठेवलेली असते, मुख्यतः स्टॅकवरचा पत्ता आणि फंक्शनचा पत्ता. प्रत्येक वेळी काही विचारलं की जीडीबी त्या ओळखीने आताच्या स्टॅकमध्ये फ्रेम शोधतं, सापडली तर उत्तर देतं, नाही सापडली तर एक्सेप्शन. हे फार चांगलं आहे, कारण तुम्ही त्याच फंक्शनमध्ये दहा ओळी स्टेप केल्या तरी फ्रेम तीच राहते, पुन्हा पुन्हा मागावी लागत नाही. मीही तसंच उचललं. पण एक लूप डोळ्यासमोर आणा, त्यातून एक फंक्शन हजार वेळा कॉल होतंय. पहिल्या कॉलमध्ये थांबलात, फ्रेम ठेवून घेतली, कंटिन्यू केलं, ते फंक्शन रिटर्न झालं, पुन्हा त्याच ठिकाणाहून कॉल झालं आणि पुन्हा थांबलात. स्टॅकचा पत्ता तोच, फंक्शनचा पत्ता तोच. जुनी फ्रेम विचारते मी जिवंत आहे का, उत्तर येतं हो. पण ती फ्रेम गेली केव्हाच, हा दुसराच कॉल आहे, आर्ग्युमेंट वेगळे, लोकल व्हेरिएबल वेगळे. मेलेलं हँडल (स्क्रिप्टच्या हातात दिलेला ऑब्जेक्ट) परत जिवंत होतं आणि दुसऱ्याच्या नावाने बोलायला लागतं.

यावर माझ्याकडे पूर्ण पक्का उपाय नाही, कारण मधल्या काळात फंक्शन रिटर्न झालं का हे खात्रीने कळायला दर वेळी रिटर्नच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावावा लागेल आणि ते महाग पडतं. मी तडजोड केली ती अशी, की फक्त स्टेप आणि नेक्स्ट केलं असेल तर डिबगरला स्वतःलाच माहीत असतं की फ्रेम सुटली की नाही, तेव्हा फ्रेम चालू ठेवायची, आणि मोकळं कंटिन्यू झालं की सगळ्या फ्रेम रद्द, पुन्हा मागा. लोकांना जरा जास्त टाइप करावं लागतं. चालेल.

मग सगळ्याच हँडलांना कंटिन्यूवर मारून टाकावं का? मी एकदा तसंही करून बघितलं, तो अतिरेक होता. टाइप आणि सिम्बॉल यांना प्रोसेस हलण्याशी काही देणंघेणं नाही, त्यांचं नातं फाइलशी असतं, फाइल किंवा शेअर्ड लायब्ररी अनलोड होईपर्यंत ते खरेच असतात. जीडीबीने इथे एक विचारपूर्वक केलेला फरक आहे, फाइल गेली की सिम्बॉल इनव्हॅलिड होतो, तसं विचारताही येतं, पण टाइप कुणी धरून ठेवला असेल तर त्याची प्रत काढून तो जिवंत ठेवला जातो, कारण जुन्या व्हॅल्यूचा अर्थ लावायला टाइप लागतोच. मला हे समजायला वेळ लागला. आधी वाटलं की हा विसंगतपणा आहे, मग स्वतः लिहायला बसलो तेव्हा कळलं की व्हॅल्यूची प्रत कायमची तुमची असं वचन एकदा दिलं की टाइपही कायमचा द्यावाच लागतो, नाहीतर त्या प्रतीत नुसते बाइट उरतात.

आता कॉलबॅक, म्हणजे ठरावीक क्षणी डिबगरने बोलवायचं स्क्रिप्टमधलं फंक्शन. ब्रेकपॉइंटवर थांबायचं की नाही हे स्क्रिप्टने ठरवायचं, हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग. जीडीबीत ब्रेकपॉइंटचा क्लास घेऊन त्यात स्टॉप नावाचं मेथड लिहायचं, ट्रू आलं तर थांब, नाहीतर पुढे जा. एलएलडीबीत ब्रेकपॉइंटला फंक्शन जोडायचं, फॉल्स आलं तर पुढे जा, बाकी काहीही आलं तरी थांब. वाचताना दोन्ही एकच वाटतात. आता असं फंक्शन घ्या ज्यात माणूस रिटर्न लिहायलाच विसरला, पायथनमध्ये तेव्हा नन परत येतं. जीडीबीत नन म्हणजे खोटं, म्हणून प्रोसेस पुढे निघून जाते. एलएलडीबीत नन म्हणजे फॉल्स नव्हे, म्हणून थांबते. एकाच विसराळूपणाचे दोन उलटे परिणाम.

मला एलएलडीबीची बाजू पटते. जास्तीचं थांबलं तर माणसाला लगेच दिसतं, तो चिडतो आणि दोन मिनिटांत रिटर्न लिहून मोकळा होतो. न थांबता निघून गेलं तर दिसायला काहीच नाही, तो समजतो की कोड इथपर्यंत येतच नाही, आणि क्यूच्या गोष्टीसारखं पुन्हा चुकीच्या दिशेने दोन दिवस. कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन आलं तरी हाच न्याय, थांब आणि ट्रेसबॅक दाखव. आमच्याकडे आता ट्रू आणि फॉल्स सोडून काहीही आलं तर थांबतो आणि वर एक ओळ छापतो की कॉलबॅकने काहीच ठरवलं नाही म्हणून थांबलो.

कॉलबॅकच्या आतून काय करू द्यायचं हा त्याहून मोठा विषय. जीडीबीचं मॅन्युअल स्टॉप मेथडबद्दल बजावतं की त्यातून स्टेप किंवा नेक्स्ट करू नका, फ्रेम बदलू नका, ब्रेकपॉइंट वाढवू किंवा उडवू नका. कारण उघड आहे, त्या क्षणी डिबगर अर्ध्या वाटेत असतो, थांबायचं की नाही हेच अजून ठरलेलं नाही, तेवढ्यात आतून कुणी कंटिन्यू म्हटलं तर काय थांबलं आणि काय चालू झालं याचा हिशेब कोण ठेवणार. पण मॅन्युअलमधली ताकीद कुणी वाचत नाही, लोक जुनी स्क्रिप्ट कॉपी करतात आणि दोन ओळी बदलतात.

याच्या उलट जीडीबीतच एक सुंदर उदाहरण आहे, आणि ते मी नव्या माणसाला नेहमी दाखवतो. ७.१० पासून फ्रेम अनवाइंडर (एका फ्रेमवरून तिला कॉल करणारी फ्रेम शोधणारा कोड) पायथनमध्ये लिहिता येतो, जेआयटीने (प्रोग्राम चालता चालता मशीन कोड बनवणारा कंपायलर) बनवलेल्या कोडसाठी वगैरे, जिथे डिबग माहितीच नसते. अनवाइंडर चालतो तेव्हा फ्रेम अजून सापडायची असते, मग तिथे नेहमीची फ्रेम कशी देणार? म्हणून त्याला पेंडिंग फ्रेम नावाचा वेगळाच ऑब्जेक्ट मिळतो आणि मुळात त्यात करण्यासारखं फार थोडं ठेवलं, रजिस्टर वाच आणि अनवाइंडची माहिती तयार करून दे. लोकल व्हेरिएबल मागायची सोयच नाही, म्हणून मागायची चूकही होत नाही. त्या क्षणी जे शक्य आहे तेवढंच हातात द्यायचं. मी आमच्या कॉलबॅकला आता असाच एक आखूड ऑब्जेक्ट देतो, त्यात व्हॅल्यू वाचता येते, रजिस्टर वाचता येतात, नोंद करता येते. कंटिन्यू त्यात नाहीच. ज्याला थांबल्यावर काही करायचंय त्याने ते काम नंतरसाठी टाकून ठेवायचं, पूर्ण थांबलं की डिबगर ते काढून चालवतो. जीडीबीत थ्रेडसाठी अशीच वाट आहे, पोस्ट इव्हेंट, कारण जीडीबी स्वतः थ्रेड सेफ नाही आणि तुमच्या पायथन थ्रेडमधून त्याच्या फंक्शनला थेट हात लावायचा नसतो, काम मुख्य थ्रेडकडे सोपवायचं असतं.

प्रिटी प्रिंटर हा लोकांचा लाडका भाग, आणि सगळ्यात जास्त हँग मी तिथेच बघितलेत. कल्पना सोपी, व्हेक्टरसारखं काही असेल तर आतले तीन पॉइंटर न दाखवता एलिमेंट दाखवायचे. पण प्रिंटर लिहिणारा गृहीत धरतो की समोरचा ऑब्जेक्ट धडधाकट आहे, आणि डिबगरमध्ये माणूस येतो तोच मुळी काहीतरी बिघडलंय म्हणून. फंक्शनच्या पहिल्या ओळीवर थांबा, लोकल व्हेरिएबल अजून इनिशियलाइझ झालेले नाहीत, साइजच्या जागी कचरा आहे, आणि कचरा निघाला चारशे कोटींच्या आसपासचा आकडा. लोकल दाखव म्हटलं की प्रिंटर निघाला चारशे कोटी एलिमेंट वाचायला. म्हणून मुलं (म्हणजे आतले एलिमेंट) यादी म्हणून मागायची नाहीत, एकेक करून द्यायला सांगायचं, म्हणजे डिबगरला हवं तिथे थांबता येतं. जीडीबीत चिल्ड्रन मेथड इटरेटर देतं आणि एलिमेंटची मर्यादा मुळात २०० असते, त्यामुळे कचरा आला तरी २०० वर सुटका. इथे चूक होते ती एकाच ठिकाणी, माणूस आतमध्ये आधी पूर्ण लिस्ट भरतो आणि मग तिचा इटरेटर देतो, मग मर्यादेचा काही उपयोग नाही. आम्ही प्रिंटरला वेळेची मर्यादाही लावली, आणि कंट्रोल-सी दाबलं की प्रिंटर मध्येच तुटलाच पाहिजे हा नियम केला, प्रिंटरने एक्सेप्शन गिळायचा प्रयत्न केला तरी.

प्रिंटरमधून प्रोसेसमधलं फंक्शन कॉल करणं हा दुसरा मोह. स्ट्रिंगचा क्लास आहे, त्यात सी स्ट्रिंग देणारं मेथड आहे, मग तेच बोलवू की, आतलं लेआउट कशाला शोधा. हे टाळाच, मी हात जोडून सांगतो. तुम्ही थांबलात तेव्हा एखाद्या थ्रेडने मॅलॉकचं (मेमरी देणारं फंक्शन) लॉक धरलेलं असू शकतं, तुमचं फंक्शन आत मेमरी मागतं, आणि जागच्या जागी अडकतं. नुसतं बघायला गेलात आणि प्रोसेसच बदलून आलात असंही होतं, मग जो बग शोधताय तोच पळतो. आणि कोअर डंप असेल तर कॉल करायला प्रोसेसच नाही, नुसती मेमरीची प्रत आहे, तिथे असले प्रिंटर एकदम निरुपयोगी. जो प्रिंटर फक्त मेमरी वाचतो तो जिवंत प्रोसेसवरही चालतो आणि डंपवरही. म्हणून आमच्याकडे प्रिंटरच्या आत कॉल डीफॉल्टने बंद आहे.

इंटरफेस एकदा लोकांच्या हातात गेला की तो बदलणं किती जड जातं हे दोन उदाहरणांत दिसतं. एलएलडीबीत कमांडच्या फंक्शनला आधी चार आर्ग्युमेंट होते, डिबगर, कमांड, रिझल्ट आणि आतला डिक्शनरी. नंतर लक्षात आलं की कुठल्या थ्रेडसाठी, कुठल्या फ्रेमसाठी कमांड आली हे आत द्यायलाच हवं, म्हणून पाच आर्ग्युमेंटचं रूप आलं, आणि जुन्या स्क्रिप्टा मोडू नयेत म्हणून एलएलडीबी तुमच्या फंक्शनचे आर्ग्युमेंट मोजून कुठलं रूप आहे ते ओळखतं. चालतं, पण असं किती वेळा करणार. जीडीबीत प्रिंटर म्हणजे नुसता कुठलाही क्लास होता, ठरावीक नावाची मेथड असली की झालं, वारसा वगैरे काही नको. सुटसुटीत होतं, पण मग नवीन मेथड वाढवायची म्हटली की भीती, लोकांनी तेच नाव आपल्या क्लासमध्ये आपल्या कामासाठी आधीच वापरलं असलं तर? म्हणून १४ व्हर्जनमध्ये व्हॅल्यू प्रिंटर नावाचा एक बेस क्लास आणला. त्याच्यापासून बनवलेल्या प्रिंटरमध्ये लहान (लोअरकेस) अक्षराने सुरू होणारी सगळी नावं जीडीबीसाठी राखीव. हा एक करार पहिल्या दिवशी लिहिला असता तर फुकट मिळाला असता. मी तो आमच्याकडे चोरला, आणि सोबत आणखी एक केलं, कॉलबॅकला सुट्या आर्ग्युमेंटऐवजी एकच कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट, म्हणजे उद्या काही वाढवायचं तर त्यात फील्ड वाढवायचा.

सुरक्षेचा मुद्दाही आहेच. बायनरीसोबत तिचे प्रिंटर आपोआप लोड व्हावेत ही सोय छान, पण विचार करा, तुम्ही कुणाचीतरी संशयास्पद फाइल नुसती उघडली आणि तिच्या शेजारची पायथन स्क्रिप्ट तुमच्या मशीनवर तुमच्या हक्कांनिशी चालली. जीडीबीत म्हणूनच सेफ पाथ आहे, त्या फोल्डरांच्या बाहेरची स्क्रिप्ट आपोआप चालत नाही, चेतावणी देऊन सोडून देतं. लोकांना त्या चेतावणीचा कंटाळा येतो आणि ते सगळी डिस्कच सेफ करून टाकतात. तसं करू नका, आपल्या प्रोजेक्टचा एक फोल्डर घाला, तेवढं पुरतं.

सध्या मी अडकलोय ते रिव्हर्स डिबगिंगवर. आम्ही रेकॉर्डिंग घालतोय, म्हणजे प्रोसेस मागे नेता येईल, आणि त्याने माझ्या थांबा क्रमांकाची पंचाईत केलीये. थांबा ४१ वर फ्रेम घेतली, ४२ ला गेलो, मग मागे येऊन बरोबर त्याच इन्स्ट्रक्शनवर थांबलो. माझा काउंटर म्हणतो हा थांबा ४३ आहे, म्हणून ४१ ची फ्रेम रद्द. पण रेकॉर्डिंगमधली जागा तर तीच आहे, सगळी मेमरी बाइट न बाइट तीच आहे, ती फ्रेम पूर्णपणे खरी आहे. म्हणजे हँडलवर काउंटरऐवजी रेकॉर्डिंगमधली जागा चिकटवायला हवी, आणि जिथे रेकॉर्डिंग चालू नाही तिथे काउंटर. हे कागदावर ठीक वाटतं, पण कुणी मागे जाऊन एखादा व्हेरिएबल हाताने बदलला की पुढचं रेकॉर्डिंग लागू राहत नाही, जागेचा नंबर तोच दिसतो आणि इतिहास मात्र वेगळा झालेला असतो. सध्या मी जागेसोबत फांदीचाही नंबर ठेवून बघतोय, कालपासून त्याच्या टेस्ट लिहितोय, आणि त्यातली पहिली टेस्ट तीच जुनी क्यूची स्क्रिप्ट आहे, मधली प्रिंटची ओळ काढून.